गडवाभर पाणी

दमणी दारात उभी होती, बैल जुंपलेले होते, आणि आई माझ्या कानाशी लागून सांगत होती, "तिकडं गेल्यावर पह्यले दुसऱ्याले पिऊ देजो, मंग तू पेजो."

सासरी निघालेल्या पोरीला आया काय काय सांगतात. सासूला उलट उत्तर देऊ नको, डोईवरचा पदर ढळू देऊ नको, कोंबडं आरवायच्या आत ऊठ. माझ्या आईनं यातलं काही सांगितलं नाही. ओटी भरताना तिच्या हातातले निम्मे गहू खाली सांडले. मग तिनं तोंडाला ओलं फडकं बांधलेला गडवा माझ्या मांडीत ठेवला. तांब्याला आमच्याकडं गडवा म्हणतात. इथं खांडव्यात लोटा म्हणतात, आणि एवढ्या वर्षांत माझ्याही तोंडात लोटाच बसला आहे. "आपल्या आडाचं हाय," आई म्हणाली, "पुरवून पुरवून पेजो."

बाबा बैलांपाशी उभे होते. जू नीट बसलं आहे की नाही ते पुन्हा पुन्हा पाहत होते. ते नीटच होतं. माझ्याकडं मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. एकटा भाऊ तेवढा खुशीत होता. त्यानं माझ्या पेटीत निळ्या पुठ्ठ्याची एक कादंबरी सरकवली आणि म्हणाला, "वच्छे, तुह्यासाठीच लिवली हाय समज."

चैत्रातलं ऊन. किन्हीराजाकडचं आमचं गाव सोडलं की मेडशीकडच्या त्या गावाला पोचायला दिवस मावळतो. आईनं दिलेलं पाणी मी दुपारीच संपवलं. चौदा-पंधरा वर्षांची पोर, तहान लागली की प्यायचं एवढंच कळत होतं. पुढची सगळी वाट रिकामा गडवा मांडीत घेऊन मी तहानलेली बसले होते, आणि समोरून ते गाव जवळ येत होतं.

तुम्ही सगळे तेव्हा अंगणात होतात, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. आई, बाबा, भाऊ, आणि आपल्यातले जे माझ्यासारखे गाव सोडून अकोल्याला, नागपूरला, कुठं कुठं गेले तेही. लढाईमुळं बाजारात कागद मिळत नाही, मिळाला तर सोन्याच्या भावानं, पण हे आज लिहायलाच हवं. भाऊचा निरोप आला आहे. त्याला आपली शांती माझ्या रघूला द्यायची आहे. मामाची पोरगी भाच्याला, म्हणजे रीतीला धरूनच आहे. पण शांती खांडव्यात माझ्याजवळ राहणार नाही. रघूला त्याच्या आजोबांनी मेडशीला बोलावून घेतलं आहे, जमीनजुमला आता तोच बघणार. म्हणजे आपली शांती त्या घरात जाणार, जिथं मी गेले होते. आणि सगळे खूश आहेत. मी सासरी निघाले तेव्हा भाऊ होता तसेच.

नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आपलं घर आणि मेडशीचं घर, दोन्ही देशमुखांची. देवीच्या जत्रेत पहिला नारळ कोणाचा, यावरून आमच्या पणजोबांच्या वेळेला वाजलं. नारळ देवीपुढं फुटायचा तो डोक्यांवर फुटला. मग पुढं कधीतरी शहाण्या माणसांनी मध्ये पडून समेट घडवला आणि मेडशीला पंगत ठरली. आमचे आजोबा त्या पंगतीला गेले, जेवले, हात मिळवले आणि परतीच्या वाटेवर दमणीतच गेले. ओकाऱ्या झाल्या, अंग निळं पडलं. आमच्या घरानं म्हटलं, विष घातलं. त्या घरानं म्हटलं, पटकीची साथ होती. बाबा तेव्हा मिसरूड न फुटलेले होते. बापाला अग्नी देऊन आले आणि आडापाशी उभं राहून त्यांनी शपथ घेतली, की त्या घरच्या पाण्याचा थेंब घशाखाली उतरवणार नाही.

मग अशा घरात मला दिलं कशी? ते त्या निळ्या पुठ्ठ्याच्या पुस्तकानं.

भाऊ शिकायला अकोल्याला होता. त्याच बोर्डिंगात मेडशीच्या आबासाहेब देशमुखांचा मुलगा होता; तेच आमचे हे. गावात दोघं एकमेकांच्या सावलीला उभे राहिले नसते; अकोल्यात एका कंदिलात अभ्यास करत होते. दोघांनी मिळून ती कादंबरी वाचली. यादवांच्या काळातली गोष्ट. दोन सामंत घराणी, पिढ्यापिढ्यांचं वैर, एकाची लेक, दुसऱ्याचा लेक. मध्ये लढाया, भुयारं, वेषांतरं, सगळा मालमसाला. शेवटी भर दरबारात नायक सासऱ्याच्या घरचा पेला सगळ्यांच्या आधी आपण उचलून रिता करतो, म्हातारे सरदार रडत एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि दोन्ही घराण्यांचे झेंडे एका काठीला बांधून लग्न लागतं. एवढं वाचून आमच्या भाऊसाहेबांच्या डोक्यात दिवा लागला. मित्र आहे, बहीण आहे, वैर आहे. आणखी काय पाहिजे?

पुस्तकानं पोरं पेटतात, म्हातारी माणसं पेटत नाहीत. भाऊनं दोन दिवस अन्न सोडलं तरी बाबा हलले नव्हते. त्यांना हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. देशमुखाची पोर देशमुखाच्याच घरी पडायला हवी, तीही बरोबरीच्या. आसपासची बरोबरीची घरं या ना त्या नात्यानं आधीच बांधलेली. मी वाढत होते. ज्या मानापायी वैर झालं त्याच मानापायी सोयरीक झाली. "खालच्या घरी देण्यापरस वैऱ्याच्या घरी बरी," हे बाबांचं वाक्य मी माजघरातून ऐकलं. आईनं तेव्हाच मंगरूळच्या दर्ग्यावर चादर बोलली. दोन्ही घरचं पाणी एक होऊ दे, म्हणाली.

मेडशीला उतरले तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. माप ओलांडून आत गेले. बायकांच्या घोळक्यात बसवलं आणि कोणीतरी पाण्याचा गडवा पुढं केला. आईचं वाक्य कानात. मी हात पुढं केलाच नाही. सगळ्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. त्यांना कळलं होतं. त्यांनाही कोणीतरी सांगितलंच असेल की ही अशी करेल. तेवढ्यात सासूबाई पुढं आल्या. उंच, हाडकुळ्या, कपाळावर आडवं कुंकू. त्यांनी तो गडवा उचलला, सहज तहान लागल्यासारखे दोन घोट स्वतः घेतले, पदरानं काठ पुसला आणि माझ्या ओठांना लावला. मी घटाघटा प्याले.

पुढं कितीतरी दिवस त्या तसंच करत. मी जेवायला बसले की माझ्या ताटातला एक घास उचलून तोंडात टाकत आणि "मीठ बरं हाय," म्हणत. मग एके दिवशी त्या करायच्या विसरल्या आणि मीही बघायची विसरले. आडावर पाणी शेंदताना त्यांनी मला एकदा सांगितलं, "त्या हप्त्यात आमच्या घरचेबी दोन गेले, पोरी. माहा पह्यला पोरगा होता त्यात. इखानं का सोताचं लेकरू मारते कोनी?" मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा हे बाबांना सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "ते देवानं दाखोलं त्यायले."

आता मुद्द्याचं. लेकीच्या घरचं पाणी बापानं प्यायचं नाही, नातू होईस्तोवर, ही आपली रीत. ती रीत त्या दोन वर्षांत दोन्ही घरांच्या कामी आली. बाबा सणावाराला मला न्यायला येत, ओसरीवर बसत, गडी गडवा आणून पुढं ठेवी. बाबा हात जोडत आणि म्हणत, "लेकीच्या घरचं कसं पिऊ? नातू होऊ द्या." माणसं माना डोलावत. आबासाहेब मिशीत हसत आणि म्हणत, "होऊ द्या, होऊ द्या." दाराआडून मी दोघांकडं बघायची. बाबा रीतीसाठी पीत नाहीत की शपथेसाठी, हे कोणालाच विचारता येत नव्हतं. विचारायची गरजही नव्हती. झाकली मूठ होती. पण आबासाहेबांनी एक चांदीचा गडवा कोनाड्यात वेगळा ठेवला होता. त्यात कोणी पाणी पीत नसे. दर सणाला तो चिंचेनं घासून पुन्हा तिथंच ठेवला जाई. कशासाठी म्हणून मी एकदा गड्याला विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्या बाबासाठी हाय, बाईसायेब. मालक वाट पाहून राह्यले."

मला दिवस गेले तेव्हा घरात साखर वाटली. मी मात्र त्या कोनाड्याकडं बघून घाबरत होते. नातू झाला की मूठ उघडणार होती. सून पोटुशी झाली की बाया देवाला मुलगा मागतात. मी मुलगी मागत होते. निदान मुलगी झाली तर बाबांना आणखी थोडा वेळ मिळाला असता. झाला रघू. माहेरी दाई म्हणाली, "देशमुखीन, नातू!" आणि आईनं आनंदाच्या आधी माझ्याकडं पाहिलं.

तान्ह्याला घेऊन मेडशीला परत निघाले तेव्हा पोचवायला बाबा आणि भाऊ दोघंही आले. वाटेत बाबा बैलांच्या शिंगांकडं बघत बसले होते. भाऊ मात्र बाळाला मामाच्या गोष्टी सांगत होता. मी भाऊला हळूच म्हटलं, "बाबा पितील का रे?" तो म्हणाला, "पेतीन नाई तं काय! मी हाव ना." भाऊचं "मी हाव ना" ऐकलं की मला अजून धडकी भरते.

ओसरीवर गावची चार मोठी माणसं आधीच येऊन बसली होती. बोलावल्याशिवाय आली नसणार. आबासाहेबांनी कोनाड्याकडं बोट केलं. सासूबाईंनी चांदीचा गडवा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच शेंद. तूच भर." मी आडाचं पाणी काढलं, गाळलं, भरलं. दारापर्यंत घेऊन आले. सुनेनं ओसरीवर पुरुषांत जायचं नाही, म्हणून भाऊ उठून दारापाशी आला आणि गडवा त्यानं माझ्या हातातून घेतला. रघू माझ्या खांद्यावर झोपलेला होता.

भाऊ बाबांकडं गेला. त्यांच्यासमोर उभा राहिला. बाबांचं तोंड पांढरं पडलेलं मला दिसत होतं, भाऊलाही दिसलंच असणार. त्यानं तो गडवा बाबांना दिला नाही. हसून म्हणाला, "पह्यले मीच पेतो," आणि वर करून तोंडाला लावला.

त्याचं मन मला ठाऊक आहे. त्याला वाटलं, आपण प्यालो की बाबांची भीती जाईल. त्याच्या डोळ्यांपुढं तो दरबार होता, तो पेला होता, गळ्यात पडून रडणारे म्हातारे सरदार होते. पण सोयऱ्याच्या ओसरीवर, चार माणसांदेखत, बापाच्या आधी मुलानं पाणी पिणं म्हणजे काय, ते त्या ओसरीवरच्या प्रत्येकाला कळलं. पाणी चाखून बघितलं जात होतं. सासूबाईंनी हेच माझ्यासाठी केलं होतं, पण ते घरच्या बाईनं केलं होतं, आणि आपलीच तहान असल्यासारखं. आबासाहेबांच्या मिशीतलं हसू गेलं. ते बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा उठले आणि त्यांनी भाऊच्या हातातला गडवा फटका मारून उडवला.

गडवा ओसरीच्या दगडांवर आपटत खाली अंगणात गेला. भाऊच्या धोतरावरून पाणी निथळत होतं. बाबांनी त्याचा दंड घट्ट धरला होता आणि त्याच्या तोंडाकडं बघत होते, जसं काही आत्ता याला काहीतरी होणार. "थुक," ते म्हणाले. "थुक ते."

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. आबासाहेब बसल्या जागीच होते. खूप हळू बोलले. "देशमुख, तुमची लेक दोन सालं झाली हेच पाणी पिऊन राह्यली. तिच्यासाठी तं तुमचा हात कधी उठला नाई."

बाबा, तुम्ही भाऊचा दंड सोडलात. मी दाराशी उभी होते. तुम्ही वळून बघाल म्हणून मी वाट पाहिली. तुम्ही पागोटं उचललंत, भाऊला पुढं घातलंत आणि दमणीत जाऊन बसलात. मी त्या दारात किती वेळ उभी होते मला आठवत नाही. रघू जागा होऊन रडायला लागला तेव्हा सासूबाईंनी मला हाताला धरून आत नेलं. त्या दिवशी मी पाणी प्यायले नाही. भीतीनं नाही. माझ्या बापाला ते पाणी विष वाटत होतं आणि त्यानं मला ते प्यायला पाठवलं होतं, हे घशातून उतरतच नव्हतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. किन्हीराजाकडच्या आपल्या शेतात कडब्याची गंजी पेटली. मग मेडशीच्या घरचा एक बैल पायावर कुऱ्हाडीचा घाव घेऊन परत आला. कोणी केलं ते कोणी म्हणालं नाही. माणसं काठी घेतल्याशिवाय शेतात जाईनात. दोन्हीकडं माणसांनी बोलणं कमी केलं आणि कुत्री वाढवली. पुढचा घाव बैलावर पडणार नाही, हे पोराटोरांनाही कळत होतं. एके दिवशी दुपारी हे शेतातून आले ते कोऱ्या चेहऱ्यानं. मला म्हणाले, "कोनाची बाजू घेतो म्हून विचारून राह्यले मले. माह्या बापाच्या माणसायनं मले विचारलं." मग म्हणाले, "आपुन जाऊ." खांडव्याला कापसाच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, ह्यांच्या ओळखीचा एक माणूस होता. एवढ्या आधारावर आम्ही निघालो.

निघताना आबासाहेब बाहेर आले नाहीत. सासूबाई आल्या. तोच चांदीचा गडवा त्यांच्या हातात होता, एका बाजूला चेपलेला. त्यांनी तो माझ्या पेटीवर ठेवला. मी म्हटलं, वाटेला पाणी भरून द्या ना. त्या म्हणाल्या, "रिकामाच देतो. जिथं राह्यसान तिथंचं पाणी भरजा." दुसऱ्यांदा मी एका दमणीत बसले, मांडीत गडवा घेऊन. या वेळी मागं बघितलं. सासूबाई आडापाशी उभ्या होत्या. नंतर त्या गेल्याची तार आली तेव्हा रघूला गोवर होता, मला जाता आलं नाही. ती एक गोष्ट मनातून जात नाही.

अकोल्याहून गाडी, भुसावळला बदल, मग खांडवा. जिनाच्या मागं दोन खोल्यांची चाळ, सरकीचा वास, भिंतींवर कापसाचे तंतू. शेजारी एक निमाडी बाई, सगळे तिला जिजी म्हणत. आम्ही सामान उतरवत होतो तोवर ती हातात लोटा घेऊन आली. "पियो बहू, दूर से आई हो." मी घेतला आणि प्याले. लोटा रिकामा करून परत दिला तेव्हा ध्यानात आलं की मी आधी तिच्या तोंडाकडं बघितलं नव्हतं. ही कोण, हिची जात काय, हिच्या घराशी आपलं काय आहे, काही माहीत नव्हतं. मी तिथंच जिन्यावर बसून रडले. जिजीला वाटलं माहेरची आठवण आली. तीही आलीच असेल.

आता मला इथं सगळं येतं. भाजीवालीशी हिंदीत भांडते, राशनच्या रांगेत पुढं घुसणाऱ्याला निमाडीत शिव्या देते. ज्वारीची भाकर थापते आणि तिच्याबरोबर जिजीनं शिकवलेली दाल करते. रघू इथंच वाढला, इथल्याच शाळेत गेला. आम्ही निघून आल्यावर तिकडच्या कुऱ्हाडी थंडावल्या, म्हणून दोन्ही आजोबांची घरं त्याला गोष्टीतल्यासारखी वाटतात. मेडशीला गेला तर आबासाहेबांनी घोडी दिली, शेत दाखवलं. खुळा झाला पोरगा. मी काही बोलले तर म्हणतो, "आई, वो सब पुराना हो गया." जुनं झालं म्हणतो. मागल्या दिवाळीला भाऊ इथं आला होता, तेव्हा ती निळी कादंबरी शांतीसाठी घेऊन गेला. परवाच्या निरोपात त्यानं कळवलं आहे की शांतीनं ती दोनदा वाचली आणि ती लग्नाला राजी आहे.

शांते, बाई, तुला आत्या एकच सांगते. ते पुस्तक लग्नापाशी संपतं. पुढं त्या घरात कोणी कोणाच्या हातचं पाणी प्यालं, ते लिहिणाऱ्यानं लिहिलंच नाही. त्याला ठाऊक नसेल. तो काही कोणाच्या घरी सून म्हणून गेला नव्हता.

माझं घर कोणतं, असं मला इथल्या बाया विचारतात. आधी मी किन्हीराजा म्हणायची, मग मेडशी म्हणायची, मग हसून विषय बदलायची. आता वाटतं, पाणी पिताना आधी दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, ते घर. मला असं घर मिळालं, पण त्यासाठी दोन्हीकडचा उंबरठा सोडावा लागला. शांतीनं तो का सोडावा? तिनं काय केलं आहे?

बाबा, तुम्ही थकलात. आबासाहेबांनाही आता नीट दिसत नाही असं रघू सांगतो. पण दोघंही आहात. आणि मी मुलाची आई आहे, या सोयरिकीत माझ्याही शब्दाला वजन आहे, म्हणून माझी अट सांगते. लग्नाच्या आधी तुम्ही मेडशीला जायचं. आधीच. एकदा लग्न लागलं की पुन्हा तीच पळवाट, नातीच्या घरचं कसं पिऊ, पणतू होऊ द्या. ते मला नको. मी इथून चेपलेला गडवा घेऊन येईन. आडाचं पाणी मी शेंदीन, मी भरीन, आणि या वेळी दाराआड थांबणार नाही, तुमच्या हातात मीच देईन. भाऊ मध्ये येणार नाही. भाऊ, ऐकतोस ना? कोणी आधी चाखणार नाही. मीसुद्धा नाही.

प्यालात तर शांती माझी सून, मी तिला डोळ्यांच्या बाहुलीसारखी जपीन, आणि आई, तू मंगरूळची चादर काढून ठेव, इतकी वर्षं बाकी आहे ती.

आणि प्यायला मन झालं नाही, तर तेही मी समजेन. तुम्ही पोरवयात बापाला अग्नी दिलात, ते मी विसरले नाही. पण मग ज्या पाण्याला तुम्ही तोंड लावणार नाही, त्या पाण्यावर पोरीला पाठवू नका. सगळ्यांदेखत गडवा उडवून द्या, लग्न मोडू द्या, मला राग येणार नाही. एवढी वर्षं मी वाट बघते आहे, बाबा. या वेळी तुमचा हात पोरीसाठी उठू दे.